वणवा आणि गावाची तयारी



या व्यासपीठावरून आपण विद्वानांची भाषणे ऐकत आला आहात. मी विद्वान नव्हे. माझी शाळा सहावीत सुटली आणि मी विड्यांच्या कारखान्यात बसू लागलो. तिथे एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाची आणि बाकीचे विड्या वळीत. वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या आम्ही आपसांत वाटून वळून देत असू. पुढे वाचण्याची पाळी माझ्यावर आली, आणि जे काही शिक्षण माझ्यापाशी आहे ते त्या पाळीतून व गावच्या वाचनालयातून आलेले आहे. गेली तीस वर्षे विडी कामगार, तेंदूपत्ता तोडणारे आणि वनखात्याचे हंगामी मजूर यांच्या संघटनेचे काम मी करतो.

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी ‘वणवा’ म्हणालो. ते थोडे घुटमळले. संप, वेतन, बोनस, महागाई असे काही मी बोलेन अशी त्यांची कल्पना असावी. मी त्यांना म्हणालो, हाही मजुरीचाच विषय आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

वसंत ऋतूत आपण ही व्याख्यानमाला भरवता. पळस फुलतो, आंब्याला मोहोर येतो, आणि शहरातली माणसे संध्याकाळच्या गार वाऱ्यात भाषण ऐकायला जमतात. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाचा वसंत निराळा असतो. आमच्याकडे फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंतचा काळ म्हणजे वणव्याचा हंगाम. साग, ऐन, धावडा, तेंदू यांची पाने गळून जमिनीवर वीतभर पाचोळा साचतो. कडक उन्हात तो पापडासारखा वाळतो. त्यात एक काडी पडली, की रात्री डोंगरावर दिव्यांची माळ लावल्यासारखी ओळ दिसू लागते. दुरून ती शोभिवंत दिसते. जवळ जो उभा असतो त्याला ती तशी दिसत नाही.

प्रथम वणवा म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आगीला तीन गोष्टी लागतात: जळण, हवा आणि उष्णता. यांपैकी हवा आपल्या हातात नाही, आणि आग लागल्यावर उष्णताही हाती राहत नाही. उरते ते जळण. पाचोळा, वाळके गवत, झुडपे, पडलेल्या फांद्या हे सारे जळण. आग लागण्याआधी त्याची व्यवस्था करता येते, लागल्यानंतर फारच थोडी. दुसरी गोष्ट चढाची. वणवा उतारापेक्षा चढावर वेगाने धावतो, कारण ज्वाळा वरच्या अंगाचे गवत आधीच तापवून, वाळवून ठेवते. ऑस्ट्रेलियात असा ठोकताळा वापरतात की दहा अंशांच्या चढावर आगीचा वेग सपाटीच्या सुमारे दुप्पट होतो. म्हणून डोंगराच्या माथ्यावरची वाडी आणि पायथ्याची वाडी यांचा धोका सारखा नसतो. तिसरी गोष्ट वाऱ्याची. दुपारी वारा एका दिशेने असतो, संध्याकाळी तो फिरतो, आणि विझत आलेली आग पाठीमागून अंगावर येते. या तिन्ही गोष्टी आमच्या वनमजुराला पुस्तकाशिवाय ठाऊक असतात. परंतु त्याला विचारतो कोण?

आपल्या देशाची स्थिती अशी आहे. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे देशातील ३६ टक्क्यांहून अधिक वनक्षेत्र वारंवार आगी लागण्याच्या धोक्याखाली आहे. हीच संस्था २००४ सालापासून उपग्रहाच्या साहाय्याने आगींच्या सूचना देत आली आहे, आणि तिच्याकडे नाव नोंदवले तर सूचना थेट भ्रमणध्वनीवर येते. ही मोठीच सोय आहे. पण उपग्रह ठराविक वेळीच आपल्या डोक्यावरून जातो. मधल्या वेळात लागलेली आग तो पुढच्या फेरीपर्यंत पाहू शकत नाही, आणि झाडाच्या बुंध्याशी धुमसणारी लहान आग त्याला दिसेलच असे नाही. शिवाय सूचना आल्यावर धावायचे ते माणसानेच, हिरव्या फांदीने आग झोडपायची तीही माणसानेच, आणि पाचोळा उडवणारे यंत्र पाठीवर बांधून डोंगर चढायचा तोही माणसानेच. आकाशातले यंत्र कितीही सुधारले तरी जमिनीवरच्या माणसाची हजेरी कोणी मांडली आहे का, हा प्रश्न उरतोच.

आता मी आपणांस परदेशातील दोन गावांची हकीकत सांगतो. आमच्या सालेकसा-देवरीच्या माणसाला कॅलिफोर्नियाशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. परंतु दुसऱ्या कारखान्यातला अपघात ज्याने समजून घेतला त्याने आपल्या कारखान्यातला अपघात टाळला, हा कामगार चळवळीचा जुना धडा आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, डोंगराच्या सोंडेवर पॅराडाइज नावाचे गाव आहे. पॅराडाइज म्हणजे स्वर्ग. २०१८ साली तिथली वस्ती सुमारे २६ हजार होती, त्यांत म्हातारी माणसे पुष्कळ. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास काही मैलांवरच्या दरीत आग लागली आणि दीड-दोन तासांत वाऱ्यावर उडालेल्या ठिणग्या गावात येऊन पडल्या. त्या आगीत ८५ माणसे गेली आणि १८ हजारांहून अधिक घरे व इमारती नष्ट झाल्या. मेलेल्यांत बहुसंख्य वृद्ध होते.

या गावाजवळ योजना नव्हती असे समजू नका. योजना होती. गावाचे विभाग पाडलेले होते, कोणता विभाग केव्हा बाहेर काढायचा ते लिहिलेले होते, मुख्य रस्ता एकाच दिशेने सोडण्याची तालीमही झालेली होती. मग घडले काय? योजना अशी होती की एकेक विभाग क्रमाक्रमाने रिकामा करावा. आगीने क्रम पाळला नाही. इशारा फोनवरून जायचा होता, पण ज्यांनी आधी नाव नोंदवले त्यांनाच तो जाणार, आणि पुष्कळांनी नोंदवलेले नव्हते. सारे गाव एकदमच रस्त्यावर आले आणि मोटारींची रांग जागच्या जागी थिजली. म्हातारी, आजारी, गाडी नसलेली माणसे घरातच राहिली. तरीही हजारो लोक त्या सोंडेवरून जिवंत उतरले, आणि याचे काही श्रेय त्या तालमीला दिले पाहिजे.

आग लागली कशाने तेही ऐका. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज कंपनीच्या एका मनोऱ्यावरचा, तारा पेलणारा लोखंडी आकडा झिजून तुटला. वाहिनी १९२१ सालची, आकडा जवळजवळ शंभर वर्षांचा. २०२० साली कंपनीने न्यायालयात ८४ माणसांच्या मृत्यूचा गुन्हा कबूल केला. ज्यांनी गिरणीत किंवा कारखान्यात काम केले आहे त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. यंत्र झिजते, कामगार सांगतो, देखभालीचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलला जातो, आणि एक दिवस कोणाचा तरी हात जातो. इथे अख्खे गाव गेले.

दुसरी हकीकत पोर्तुगालची. १७ जून २०१७ रोजी मध्य पोर्तुगालमधील पेद्रोगाव ग्रांदे या भागात वणवा पेटला आणि ६६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य माणसे घरात नव्हे, रस्त्यावर मेली. ती पळून जात होती, आणि ज्या रस्त्याने पळाली त्याच रस्त्यावर दोन्ही बाजूंची झाडे पेटलेली होती. एका वाडीत मात्र काही माणसे पाण्याच्या टाक्यात उतरून वाचली. हा सारा मुलूख निलगिरीच्या आणि पाइनच्या लागवडीने भरलेला. तरुण माणसे शहरांत गेली, शेते पडीक पडली, गवत कापायला कोणी उरले नाही, आणि खेड्यात राहिले ते म्हातारे. माझ्या कोकणातल्या मित्रांना हे चित्र फार दूरचे वाटू नये. चाकरमानी मुंबईत, घराला कुलूप, परड्यात पुरुषभर गवत, आणि सड्यावर लागलेला वणवा दरवर्षी कुणाची ना कुणाची आंब्या-काजूची बाग जाळून जातो, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच.

पोर्तुगालने त्यानंतर एक गोष्ट चांगली केली. २०१८ साली त्यांनी ‘सुरक्षित खेडे, सुरक्षित माणसे’ या नावाचा कार्यक्रम काढला. प्रत्येक खेड्याने आपल्यातलाच एक माणूस सुरक्षेसाठी नेमायचा, पळण्याचे मार्ग ठरवायचे, पळणे शक्य नसेल तेव्हा जमण्याची एक पक्की जागा आधीच निवडून ठेवायची, आणि त्याची तालीम करायची. साधी गोष्ट आहे. ६६ माणसे गेल्यावर सुचली.

अमेरिकेतही २००३ साली जंगलांविषयी एक कायदा झाला, त्यात जंगलालगतच्या वस्त्यांनी वणव्यापासून संरक्षणाची योजना कशी करावी हे सांगितले आहे. त्याच्या मुख्य अटी तीन. योजना स्थानिक लोक, आग विझवणारे दल आणि वनखाते यांनी मिळून केली पाहिजे. जळण कुठे आणि कोणत्या क्रमाने कमी करायचे ते तिच्यात लिहिले पाहिजे. आणि घरे कमी पेटतील अशी कशी करावी हे तिच्यात सांगितले पाहिजे. तिसरी अट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांच्या वनखात्यातील जॅक कोहेन नावाच्या संशोधकाने अनेक वर्षे अभ्यास करून असे दाखवले, की घर बहुधा ज्वाळांच्या भिंतीने पेटत नाही. ते पेटते ठिणग्यांनी आणि घराला लागून असलेल्या वाळक्या कचऱ्याने. म्हणून घर वाचवायचे तर सारे जंगल तोडण्याची गरज नाही. घर आणि त्याच्या भोवतीची सुमारे तीस मीटर जागा, एवढ्यावर लक्ष दिले तरी पुष्कळ साधते.

आता हे आपल्या गावात आणा. आमच्या झाडीपट्टीत घराच्या पाठीमागे काय असते? भाताच्या तणसाचा ढीग. त्याला टेकून सरपण. त्याच्या शेजारी गोवऱ्या. मग कुडाचा गोठा, त्यात दाव्याला बांधलेली गुरे. गोठ्यामागे कुंपण, तेही वाळक्या काट्यांचे, आणि कुंपणापलीकडे लगेच जंगल. म्हणजे जंगलातून चुलीपर्यंत वणव्याला आपणच पायघड्या घातलेल्या आहेत! यातले एकही सामान अनावश्यक नाही, हे मी जाणतो. गरिबाच्या परसातली प्रत्येक काडी कामाची असते. पण तणसाचा ढीग जंगलाच्या बाजूऐवजी गावाच्या बाजूला रचता येतो. सरपण भिंतीपासून दूर ठेवता येते. काट्यांच्या कुंपणात दर काही हातांवर मोकळी जागा ठेवता येते. याला सरकारी अनुदान लागत नाही. लागतो तो दोन दिवसांचा सामुदायिक श्रम आणि एक ठराव.

कॅलिफोर्नियातला वणवा आणि आपला वणवा एकजातीचा नाही, हेही मी स्पष्ट केले पाहिजे. तिकडे आग झाडांच्या शेंड्यांवरून धावते. आपल्या पानगळीच्या जंगलात ती बहुधा जमिनीवरून सरपटते. त्यामुळे एका सकाळी हजारो घरे गेली असे आपल्याकडे घडत नाही. आपले नुकसान हप्त्याहप्त्याने होते. मोहफूल जळते, चारोळी जळते, डिंकाची झाडे होरपळतात, वर उठू पाहणारी रोपे दरवर्षी मरतात, चारा जातो, उघड्या पडलेल्या जमिनीवरची माती पहिल्या पावसात ओढ्याला मिळते. कोठे गोठा, कोठे एखादे घर, कोठे बाग. आणि माणसे जातात ती विझवायला गेलेली.

८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवताना तीन वनमजूर जळून मेले. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडात अल्मोड्याजवळ बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्यांपैकी चौघे जागीच गेले. त्यांत वनरक्षक होता, वणव्यावर पहारा ठेवण्यासाठी हंगामापुरता नेमलेला माणूस होता, रोजंदारीचा मजूर होता. मृत्यूने कायम आणि हंगामी असा भेद केला नाही. भेद आपण करतो, आणि तो आधीच केलेला असतो. कायम नोकराला गणवेश, भविष्यनिर्वाह निधी, कुटुंबाला निवृत्तिवेतन. हंगामी मजुराला हजेरीपटावर एक ओळ, तीही तीन-चार महिन्यांपुरती. तो उन्हाळ्यात आग विझवतो आणि पावसाळ्यात त्याचे नाव विझते. अंगात टेरिकॉटचा सदरा, जो ज्वाळेने वितळून कातडीला चिकटतो. पायात रबरी चपला. पाण्याची बाटली घरून आणलेली. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या सभासदांच्या पायांकडे पाहून सांगतो.

आग विझवणाऱ्याचा जीव राखण्याचे शास्त्र अस्तित्वात नाही असे नाही. अमेरिकेत १९४९ साली मान गल्च नावाच्या घळीत तेरा आणि १९५६ साली इनाहा येथे अकरा माणसे गेली. त्यानंतर १९५७ साली तेथील वनखात्याने अशा जीवघेण्या आगींचा अभ्यास करून दहा नियम घालून दिले. पुढे पॉल ग्लीसन या अनुभवी माणसाने त्यांचे सार चार शब्दांत काढले. पहारेकरी, संपर्क, परतीची वाट आणि सुरक्षित जागा. म्हणजे एक माणूस उंचावर उभा राहून केवळ आगीकडे आणि वाऱ्याकडे पाहील, तो हाताने आग झोडपणार नाही. त्याचा आवाज किंवा यंत्र सर्वांपर्यंत पोचले पाहिजे. परतायची वाट आत शिरण्यापूर्वी ठरली पाहिजे. आणि ती वाट जिथे संपते ती जागा न जळणारी असली पाहिजे: नदीचे पात्र, नांगरलेले शेत किंवा आधीच जळून गेलेला काळा पट्टा. हे चारही पूर्ण होत नसतील तर आत शिरायचे नाही. जंगल पुन्हा उगवते. या चार गोष्टींसाठी करोडो रुपये लागत नाहीत, पण टोळीत माणसे पुरेशी लागतात. तीन माणसांची टोळी पाठवली की पहिला बळी पहारेकऱ्याच्या जागेचा जातो, कारण ‘तू नुसता उभा काय आहेस’ असे त्याला म्हटले जाते.

आता एक आक्षेप विचारात घेतो. अधिकारी म्हणतात, आणि शहरातले निसर्गप्रेमीही म्हणतात, की आगी गावकरीच लावतात, मग त्यांच्या रक्षणाची योजना कसली? यात काही खरे आहे. आपल्या जंगलातील बहुतांश आगी माणसाच्या हातून लागतात. पण ‘माणसाच्या हातून’ म्हणजे कोणाच्या आणि का, हे पाहिल्याशिवाय उपाय सापडत नाही.

मोहफूल मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळते. बाई अंधारात टोपली घेऊन जाते. खाली पाचोळा असला तर फुले त्यात हरवतात, आणि उजाडले की गुरे व हरणे तिच्याआधी वेचू लागतात. एकेका झाडाखालचा पाला झाडून काढायला वेळ लागतो, काडी लावायला क्षण पुरतो. ती जंगल जाळायला जात नाही, अंगण साफ करायला जाते. आग पुढे सरकते ती तिच्या मागे. तिला दंडाची भीती घालून काही साधणार नाही, ती अधिक पहाटे जाईल. तिला झाडाखाली बांधायची जाळी द्या. फूल मातीला लागत नाही, स्वच्छ राहते, भाव बरा येतो, आणि पाला जाळण्याचे कारणच उरत नाही.

तेंदूची गोष्ट निराळी. आग गेली की झुडपाला कोवळी पाने फुटतात, म्हणून हंगामापूर्वी रान पेटवले जाते. तीच पालवी झुडपांची छाटणी केल्यानेही येते. पण छाटणीला मजुरी पडते आणि आग फुकट असते. म्हणजे पुडे विकत घेणाऱ्याचा खर्च जंगल भरते आणि शेवटी गाव भरते. आमची मागणी सरळ आहे. छाटणीची मजुरी पानाच्या खरेदीदाराने आधी भरावी, आणि फळी सुरू होण्यापूर्वी रान जळालेले आढळले तर त्याचा हिशेब करारात असावा. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तर याहून पुढचे पाऊल टाकले. जंगलावरील सामूहिक हक्क मिळाल्यानंतर त्यांनी तेंदूपत्ता तोडणेच बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात व आगी लावल्या जातात, असे त्यांचे म्हणणे. सर्व गावांना हे परवडेल असे मी म्हणणार नाही. तेंदूच्या हंगामावर ज्यांचा वर्षाचा किराणा चालतो अशी हजारो कुटुंबे आमच्या संघटनेत आहेत. पण पाचगावने दाखवून दिले ते हे, की जंगल ज्याचे म्हणून कागदावर लिहिले जाते तो त्याची आग आपली मानू लागतो.

सह्याद्रीच्या बाजूला आणखी एक समजूत आहे. डोंगर जाळला की पुढच्या वर्षी गवत चांगले येते. राख काळी दिसते, कोवळे हिरवे कोंब उठून दिसतात, म्हणून ती समजूत टिकते. पण दरवर्षीच्या आगीत बी जळते आणि उघड्या उतारावरची माती वाहून जाते. तेच गवत पावसाळ्यानंतर कापून ठेवले तर उन्हाळ्यात गुरांना पुरते, आणि वणव्याचे जळणही कमी होते. भाजावळीची, बांध जाळण्याची आग हाताबाहेर जाते तीही एकट्यादुकट्याने, भर दुपारी, वाऱ्यात लावल्यामुळे. शेजाऱ्याला सांगून, पाणी जवळ ठेवून, सकाळी लावलेली आग क्वचितच पळते.

आणि शहरातल्या बंधूंनी स्वतःला यातून वगळू नये. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात सहलीला गेलेली माणसे वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जीव गेले. डोंगरावर जाताना त्या भागात वणव्याचा धोका आहे काय हे विचारणे, चूल न पेटवणे आणि जळती विडी-सिगारेट न टाकणे एवढे तरी आपल्या हाती आहे. विडी वळणाऱ्यांचा पुढारी हे सांगतो आहे, हे लक्षात घ्या!

कायदा काय म्हणतो? १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमाने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे. ७९ व्या कलमाने, जंगलात ज्यांना हक्क आहेत त्यांनी आग लागल्याची खबर देणे व ती विझवायला मदत करणे हे कर्तव्य आहे. शंभर वर्षे हे कर्तव्य गावावर आहे. हक्क मात्र फार उशिरा आला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या सामूहिक जंगलाचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली तो मिळाला. म्हणजे आज कायद्याने गाव आग विझवणारा बिनपगारी शिपाई राहिलेले नाही. ते त्या जंगलाचे व्यवस्थापक आहे. व्यवस्थापकाला योजना करण्याचा हक्क असतो, आणि तिच्यासाठी पैसा मागण्याचाही. केंद्र सरकारची वणवा प्रतिबंध व व्यवस्थापनाची योजना आहे, २०१८ चा राष्ट्रीय कृती-आराखडा आहे. त्या कागदांतून गावाच्या नावाने किती उतरते, हे ग्रामसभेने विचारले पाहिजे.

मग योजना कशी असावी? कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत. मागणीपत्रात ‘कामगारांचे कल्याण व्हावे’ असे लिहिले तर मालक हसतमुखाने सही करतो. ‘अमुक तारखेपासून, अमुक कामगाराला, अमुक रुपये’ असे लिहिले की वाटाघाटी सुरू होतात. म्हणून गावाच्या वणवा-योजनेत प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने असावेत: नाव, तारीख आणि रक्कम.

कार्तिकात, गवत उभे असतानाच, ग्रामसभा बसावी. जमिनीवर गावाचा नकाशा काढावा. आग गेल्या काही वर्षांत कुठून आली ते म्हाताऱ्यांनी आणि गुराख्यांनी सांगावे. त्याच बैठकीला वनरक्षक आणि वनपाल यांनी यावे, आणि सतरंजीवरच बसावे. डिसेंबर-जानेवारीत घरांभोवतीचे जळण हलवावे. आधी घरे, मग गोठे, मग बागा, मग रान असा क्रम. जाळरेषा फेब्रुवारीच्या मध्याआधी, थंड सकाळी, वारा पडलेला असताना साफ करून जाळून घ्याव्यात, आणि त्या कुठे हव्यात हे गावाला विचारून ठरवावे. विहिरी, तळी, हातपंप नकाशावर मांडावेत, आणि त्यांतले मार्चमध्ये कोणते आटतात तेही लिहावे.

त्यानंतर माणसांची यादी करावी. कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाला दिसत नाही, कोण बाळंतीण आहे, कोण म्हातारी एकटी राहते, आणि यांतल्या प्रत्येकीला उचलून आणण्याची जबाबदारी कोणाची? ‘तरुण मंडळाची’ असे लिहू नये. माणसाचे नाव लिहावे, आणि तो परगावी असला तर दुसऱ्याचे. पॅराडाइजमध्ये जे मेले ते बहुतेक याच यादीतले होते. गोठ्यातली दावी कोण सोडणार तेही ठरवावे. जमण्याची जागा एक: शाळेचे पटांगण किंवा गावाजवळचे नांगरलेले मोकळे शेत. जिथे फोन लागत नाही, आणि आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी लागत नाही, तिथे देवळाची घंटा किंवा ढोल यांची खूण ठरवावी. होळीच्या आधी एकदा तालीम घ्यावी. पहिल्या वर्षी पोरे हसतील. हसू द्यावे.

आणि जे आगीवर जाणार त्यांच्यासाठी निराळे पान. वणव्याच्या हंगामात पूर्ण वेतन, विझवण्याच्या रात्रीचा वेगळा भत्ता, सुती जाड कपडे, चामडी बूट, पाणी, विमा, आणि मृत्यू आला तर कायम नोकराच्या कुटुंबाला मिळते तेवढीच भरपाई. पहारेकऱ्याची जागा धरूनच टोळी मोजली जावी. हे दयेचे दान नव्हे. रोजगार हमीची कल्पना याच राज्याने १९७७ च्या कायद्याने देशापुढे ठेवली. दुष्काळात रस्त्यावर खडी फोडण्याला जर काम म्हणता येते, तर थंडीत गवत कापणे, जाळरेषा काढणे आणि पाचोळा हलवणे याला काम का म्हणू नये? त्याची मजुरी दिली तर वणवा विझवण्याचा खर्च वाचेल, आणि गवताचा चारा होईल तो निराळा.

आमच्या संघटनेने हे मागणीपत्र छापले आहे. ते कोणत्याही एका खात्याविरुद्ध नाही. पुष्कळ वनरक्षक आमच्याच पोरांबरोबर रात्र-रात्र रानात असतात आणि त्यांची मागणीही हीच आहे. आपण या सभेतील सुशिक्षित मंडळी मुंबईत, नागपुरात, कचेऱ्यांत, वर्तमानपत्रांत, विधिमंडळाच्या आसपास वावरता. आपणांकडे मी एवढेच मागतो. पुढच्या खेपेस ‘वणव्यावर नियंत्रण मिळवण्यात आले’ अशी बातमी वाचाल तेव्हा विचारा: कोणी मिळवले, त्यांची नावे काय, आणि त्यांना त्या रात्रीचे किती पैसे मिळाले? हा प्रश्न दहा ठिकाणांहून विचारला गेला तर पुढच्या फेब्रुवारीपूर्वी हजेरीपटात काही ओळी वाढतील. नोव्हेंबरला अजून अवकाश आहे. ग्रामसभेच्या बैठकीची तारीख मात्र आताच ठरवता येते, आणि सोळा गावांनी ती ठरवावी असा आमचा प्रयत्न चालू आहे.